शेजाऱ्यांच्या भांडणात मध्यस्थी कशी करावी: नव्या स्वयंसेवकासाठी

मध्यस्थी केंद्रात नव्यानं येणारे स्वयंसेवक बहुतेक एकच प्रश्न घेऊन येतात: दोघांपैकी खरं कोण बोलतंय, हे ओळखायचं कसं? ओळखायच्या भानगडीत पडायचंच नाही. तो न्यायाधीशांचा प्रश्न. त्यांच्याकडे साक्षीपुरावा असतो, उलटतपासणी असते, वर अपील असतं. आपल्याकडे एक खोली, पाच खुर्च्या आणि दोन-अडीच तास असतात. मी नोकरीभर कोर्टात लघुलेखक होते. एकाच भिंतीबद्दल दोन माणसं शपथेवर दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि दोघांनाही आपलीच खरी वाटत असते, हे इतक्यांदा टिपून घेतलंय की खरं-खोटं करायची माझी हौस तिथंच फिटली.

मग मध्यस्थाच्या हातात उरतं काय? क्रम. कुणाशी आधी बोलायचं, खोलीत कोण आधी बोलणार, कुठला मुद्दा आधी घ्यायचा, कागदावर कोणतं वाक्य आधी येणार. तोडगा काय असावा हे ठरवायचा आपल्याला काडीचाही अधिकार नाही. पण कशानंतर काय यावं, हे आपणच ठरवतो, आणि बैठक जमते किंवा फिसकटते ती बहुतेक त्यावरच.

समजायला सोपं जावं म्हणून एक प्रकरण शेवटपर्यंत घेते. केंद्रातलं बोलणं बाहेर न्यायचं नसतं, म्हणून दोन-तीन प्रकरणं मिसळून हे बनवलंय. वरच्या मजल्यावर कपडे शिवून देणाऱ्या एक बाई राहतात. शिवणयंत्राला मोटर आहे. खालच्या घरात रुग्णालयात रात्रपाळी करणारा तरुण. तो सकाळी घरी येतो, नऊच्या सुमारास आडवा होतो आणि साडेनऊला वरचं यंत्र सुरू होतं. सात-आठ महिने हे चाललंय. केंद्राला फोन त्यानं केला.

आधी थोडं मागचं

वस्तीतली भांडणं वस्तीतल्याच माणसांनी बसून मिटवणं जुनंच आहे. त्यासाठी स्वतंत्र केंद्र, प्रशिक्षित स्वयंसेवक आणि लिहिलेली पद्धत असणं मात्र गेल्या पन्नासेक वर्षांतलं. सॅन फ्रान्सिस्कोत रेमंड शॉनहोल्त्झ या वकिलानं १९७६ मध्ये ‘कम्युनिटी बोर्ड्स’ सुरू केलं. तिथं एका मध्यस्थाऐवजी परिसरातल्या स्वयंसेवकांचं पॅनेल बसायचं. त्याच वर्षी मिनेसोटातल्या सेंट पॉल इथल्या परिषदेत हार्वर्डचे प्राध्यापक फ्रँक सँडर यांनी अनेक दारांच्या न्यायालयाची कल्पना मांडली: माणूस एका जागी येईल आणि भांडणाचा प्रकार पाहून त्याला खटला, लवाद किंवा मध्यस्थी असं दार दाखवलं जाईल. पुढच्या दोनेक वर्षांत अमेरिकेच्या न्याय विभागानं अटलांटा, कॅन्सस सिटी आणि लॉस एंजेलिसमध्ये प्रायोगिक केंद्रं काढली.

लवाद आणि मध्यस्थी यांची गल्लत तिऱ्हाईतच काय, येणारे पक्षही करतात. लवाद निर्णय देतो. आपण देत नाही. हे पहिल्या फोनपासून सांगत राहावं लागतं आणि तरी बैठकीच्या शेवटी कुणीतरी म्हणतंच, “आता तुम्ही काय तो निकाल सांगा.”

कायदा देशागणिक बदलतो, तेव्हा आपल्या जागेचा नियम आधी वाचून घ्या. फिलिपिन्समध्ये १९७८ पासून एकाच शहरातल्या रहिवाशांच्या बऱ्याच वादांत कोर्टात जाण्याआधी बारांगायपुढे, म्हणजे सर्वांत खालच्या स्थानिक संस्थेपुढे, समेटाचा प्रयत्न करावाच लागतो. श्रीलंकेनं मध्यस्थी मंडळांचा कायदा १९८८ मध्ये केला. सिंगापूरमध्ये सरकारी सामुदायिक मध्यस्थी केंद्र १९९८ पासून आहे. भारतात २०२३ च्या मेडिएशन ॲक्टमध्ये सामुदायिक मध्यस्थीवर वेगळं प्रकरण आहे: दोन्ही बाजूंची आधी संमती हवी, तीन मध्यस्थांचं पॅनेल बसतं, आणि झालेला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता, म्हणजे सक्तीनं पाळायला लावता येत नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. कागद लिहायच्या वेळी तो कामाला येतो.

पहिला फोन

तक्रार घेऊन येणाऱ्याला बोलू द्या. अर्धा तास लागतो, लागू द्या. पण हातात कागद असावा आणि त्यावर एवढं उतरलं पाहिजे: नक्की काय होतं, कधीपासून, आजवर समोरच्याशी थेट बोलणं झालंय का, झालं असेल तर शेवटचं कधी आणि काय शब्दांत, पोलीस किंवा कोर्टात काही चालू आहे का, घरात आणखी कोण आहे, आणि उद्यापासून नेमकं काय वेगळं झालेलं हवंय. शेवटच्या प्रश्नाला पहिलं उत्तर हमखास “त्यांनी नीट वागावं” असं येतं. तिथं थांबू नका. “ते नीट वागले, तर सकाळी नऊला तुमच्या घरात काय दिसेल?” असं विचारा. आमच्या तरुणाचं उत्तर होतं, “मी झोपलेलो दिसेन.” यात ‘यंत्र बंद’ हे शब्द नाहीत, हे मी लगेच टिपलं. त्यालाच ते अजून कळलेलं नव्हतं.

“तुमचं बरोबर आहे” हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. सहानुभूती म्हणून निघालेलं ते वाक्य दुसऱ्या दिवशी जिन्यात “केंद्रवालेही म्हणाले माझंच बरोबर” होऊन फिरतं. “महिनोन्महिने झोप नाही म्हणजे कठीण आहे” एवढं पुरे. ते त्याच्या झोपेबद्दल आहे, शेजारणीबद्दल नाही.

याच फोनवर आणखी एक गोष्ट तपासायची आणि ती कधीच गाळायची नाही: भीती. “त्यांच्यासमोर बसून मनातलं बोलता येईल का? बोललात तर घरी गेल्यावर काय होईल?” उत्तर देताना आवाज खाली गेला, “ते कशाला” असं टाळणं आलं, तर पुढं विचारा. मारहाण, धमक्या, पाठलाग, लहान मुलाला इजा, घरातला छळ: यात मध्यस्थी नाही. एक जण दुसऱ्याच्या धाकात असेल तर टेबलावर झालेली तडजोड हा त्या धाकाचाच कागद होतो. अशा माणसाला योग्य ठिकाणी जोडून द्या, हातात नंबर द्या, आणि नोंदीत कारण लिहून प्रकरण आपल्याकडे घेऊ नका. “समजुतीनं मिटत असेल तर बघा ना” असं घरचे, नातेवाईक, कधी कधी आपलेच जुने सहकारीही म्हणतील. नाही म्हणायचं.

दुसऱ्या बाजूला आणणं

माझ्या मते हा सगळ्यांत अवघड टप्पा, आणि प्रशिक्षणात यावर सगळ्यांत कमी वेळ जातो. पहिला माणूस आपल्याकडे स्वतः आलेला असतो. दुसऱ्याला आपण बोलावतोय. त्याच्या लेखी आपण तक्रारदाराची माणसं आहोत. बरीच प्रकरणं याच फोनवर संपतात.

पत्र पाठवणार असाल तर ते नोटिशीसारखं दिसता कामा नये. वर ‘विषय’, ‘संदर्भ’, खाली शिक्का, ‘सात दिवसांत उपस्थित राहावे’ असलं काही नको. ‘तक्रारदार’ आणि ‘गैरअर्जदार’ हे शब्दही कोर्टातच राहू द्या. फोन करणार असाल तर साधारण असं बोला:

“नमस्कार ताई, मी मध्यस्थी केंद्रातून बोलतेय. तुमच्या खालच्या घरातल्या शेजाऱ्यांनी दोन घरांमधल्या आवाजाबद्दल आमच्याशी बोलणं केलंय. त्यांची बाजू तुमच्या गळी उतरवायला फोन केलेला नाही, तुमची ऐकायची आहे. आम्ही निकाल देत नाही, कुणाला दोषी ठरवत नाही. यायचं की नाही, हे तुमच्यावर आहे. आत्ता बोलायला वेळ आहे का, की संध्याकाळी करू?”

शेवटचा प्रश्न सोडू नका. आपल्याला काहीतरी ठरवायला मिळतंय, हे माणसाला लगेच जाणवतं. मग ऐका, जितकं पहिल्याचं ऐकलं तितकंच. त्याचे आरोप पोहोचवू नका. बाई विचारणारच, “काय म्हणाला तो?” उत्तर: “ते त्यांच्याच तोंडून ऐकलेलं बरं. तुमचंही मी त्यांना सांगणार नाही.”

आमच्या बाईंनी आधी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी स्वतः केला आणि म्हणाल्या, “आवाजाचं सोडा. त्यानं इमारतीच्या समितीकडे माझ्याविरुद्ध लेखी अर्ज दिला. तो फलकावर लागला. माझ्या गिऱ्हाइकांनी वाचला.” तरुणाच्या अर्ध्या तासात या अर्जाचा उल्लेखही नव्हता. त्याच्या दृष्टीनं तो कागद होता, बाईंच्या दृष्टीनं तेच भांडण. दोन्ही फोन होईपर्यंत भांडण कशाचं आहे हे ठरवू नये, ते याकरता.

खोली

कुणाच्या घरी नाही, आणि जिथं एखाद्याचा भाऊ पदाधिकारी आहे अशा कार्यालयातही नाही. दोघांना वेगवेगळ्या जागी थांबता आलं पाहिजे. बैठकीआधी दहा मिनिटं एका बाकावर बसवलेत तर ती दहा मिनिटं निस्तरायला तास जाईल. समोरासमोर बसवू नका, टेबलाच्या लगतच्या दोन बाजूंना बसवा. बोलताना आपल्याकडे पाहता येतं आणि मान थोडी वळवली की एकमेकांकडेही. दाराची वाट कुणाचीच अडू नये. घड्याळ सगळ्यांना दिसेल असं. पाणी, कागदी रुमाल, प्रत्येकासमोर कोरा कागद आणि पेन. फोन बंद, रेकॉर्डिंग नाही.

शक्यतो दोन मध्यस्थ असावेत. एक बोलत असताना दुसऱ्यानं चेहरे पाहायचे. भांडणारे एक स्त्री आणि एक पुरुष असतील तर मध्यस्थांची जोडीही तशीच ठेवावी. बोलायच्या पाळ्या आधी वाटून घ्या. दोन मध्यस्थ एकमेकांचं वाक्य तोडायला लागले की समोरच्यांना आपण न तोडण्याचा उपदेश कुठल्या तोंडानं करणार?

सोबत कुणी येणार असेल तर आधी कळवायला सांगा आणि दुसऱ्या बाजूला विचारा. सोबती बसतो, बोलत नाही. एका बाजूनं एक आणि दुसऱ्या बाजूनं चार, असं तर नकोच.

पहिली दहा मिनिटं

इथं मध्यस्थ बोलतो, आणि इथंच जास्त बोलतो. पाठ केलेलं वाटणार नाही इतपत पाठ करा. आल्याबद्दल आभार. आपण कोण, काय करतो, काय करत नाही. कुणीही केव्हाही उठून जाऊ शकतं, पण जाण्याआधी आम्हाला सांगा. इथलं बोलणं इथंच राहील. अपवाद दोन, कुणाच्या जिवाला धोका दिसला किंवा लहान मुलाचा छळ समोर आला तर. अपवाद आधीच सांगायचे, नंतर सांगितले तर ती फसवणूक वाटते.

मग नियम, आणि नियम थोडे. एक जण बोलताना दुसऱ्यानं थांबायचं. राहवलं नाही तर कागदावर लिहायचं. शिव्या नाहीत. अरे-तुरे नाही. हा शेवटचा नियम स्पष्ट शब्दांत घाला, कारण भांडण चिघळतंय याची पहिली खूण म्हणजे ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं. दोघांना विचारून घ्या, “तुम्हाला काय म्हणून हाक मारू?” बाई म्हणाल्या, “ताई म्हणा.” तरुणानं आडनाव सांगितलं. बैठकभर तेच वापरलं. आपण एकाला ‘काका’ आणि दुसऱ्याला ‘मिस्टर अमुक’ म्हणालो तर कोण जवळचा हे त्यांना लगेच कळतं.

“नियम मान्य आहेत का?” असं प्रत्येकाला वेगवेगळं विचारा आणि तोंडानं ‘हो’ म्हणू द्या. मान हलवणं चालणार नाही.

ऐकणं आणि परत सांगणं

साधारणपणे ज्यानं केंद्राशी आधी संपर्क केला तो आधी बोलतो, पण दुसऱ्याला विचारून: “त्यांनी सुरुवात केली तर चालेल ना? नंतरचा सगळा वेळ तुमचा.” इथं सलग बोलू द्यायचं. तपशील चुकले, तारखा पुढं-मागं झाल्या, तरी दुरुस्त करायचं नाही. पाच-सात मिनिटांत माणूस बहुधा थांबतो. थांबल्यावर लगेच बोलू नका. मनात दहा आकडे मोजा. खरी गोष्ट त्या दहा आकड्यांनंतर येते.

मग त्याचं म्हणणं त्याला परत सांगायचं. कोर्टात माझं काम शब्द जसाच्या तसा उतरवण्याचं होतं. इथं ते जमत नाही. इथं डंख काढायचा आणि मजकूर ठेवायचा. तो म्हणाला, “ही बाई मुद्दाम करते. मी आलेला बघते आणि मशीन सुरू करते.” परत सांगताना: “तुम्ही झोपायला जाता त्याच सुमारास यंत्र सुरू होतं, आणि तुमची वेळ त्यांना ठाऊक आहे असं तुम्हाला वाटतं.” दोन्ही गोष्टी आल्या. ‘मुद्दाम’ गेलं, पण ते का वाटलं ते राहिलं.

नवे लोक इथं एक हमखास करतात: राग पातळ करतात. महिनोन्महिने झोप न झालेल्या माणसाला “म्हणजे तुमची थोडी गैरसोय होतेय” म्हटलंत तर तो आवाज चढवेल, आणि बरोबरच करेल. तीव्रता तेवढीच ठेवा. “तुम्ही वैतागलाय, थकलाय, आणि याचा परिणाम कामावर होईल याची धास्ती आहे.” बरोबर असेल तर तो “हो ना!” म्हणतो आणि खांदे खाली येतात. चूक असेल तर स्वतः दुरुस्त करतो. दोन्ही चालतं.

परत सांगण्याचा दुसरा श्रोता टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो. शेजाऱ्याच्या तोंडून आलेलं वाक्य तो कान बंद करून ऐकतो. तेच आपल्या तोंडून आलं की ऐकू येतं. त्या दिवशी बाईंना पहिल्यांदा कळलं की हा माणूस रात्रभर कामावर असतो. त्यांची समजूत होती की तो दिवसभर लोळतो. आणि त्याला कळलं की वरचं शिवण हा रिकामपणीचा छंद नाही, त्या घराचं उत्पन्न त्यावरच आहे. एका जिन्यावरून रोज जा-ये करणाऱ्यांना एकमेकांबद्दल इतकं कमी ठाऊक असतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

कुणी ओरडलं तर लगेच दामटू नका. एकदा ओरडून होऊ द्या. दुसऱ्यांदा नियमाची आठवण. तिसऱ्यांदा बैठक थांबवून दोघांना वेगळं करा. रडू आलं तर पाणी पुढं करा आणि गप्प बसा. “रडू नका” म्हणू नका.

मुद्दे लावणं

दोघांचं ऐकून झालं की सगळ्यांना दिसेल अशा कागदावर मुद्दे लिहा. एकेका शब्दात, आणि तो शब्द कुणाच्याच बाजूचा नको. ‘आवाजाचा त्रास’ नाही, ‘आवाज’. ‘बदनामी’ नाही, ‘समितीकडचा अर्ज’. आमच्या कागदावर तीन मुद्दे आले: सकाळची वेळ, समितीकडचा अर्ज, एकमेकांना निरोप.

आता कुठला आधी? प्रशिक्षणात सांगतात की सोपा मुद्दा आधी घ्या, एक जमलं की पुढचं जमतं. पैशांच्या वादात, दोन दुकानदारांच्या सामायिक बोळाच्या वादात ते बरोबर आहे. पण जिथं अपमान झालाय तिथं मला ते पटत नाही. चारचौघांत मान गेलेल्या माणसाशी आधी वेळापत्रकाचं बोलायला लागलात तर तो प्रत्येक वेळेला नाहीच म्हणणार. वेळ अवघड आहे म्हणून नव्हे, अजून त्याचं ऐकलंच गेलेलं नाही म्हणून. आम्ही अर्ज आधी घेतला. बाई त्याच्याकडे न पाहता बोलल्या. तो बराच वेळ पेनाशी खेळत राहिला आणि मग म्हणाला की वर येऊन बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून अर्ज दिला. फलकावर लागेल हे त्याला माहीत नव्हतं. माफी मागितली का? तो शब्द काही त्यानं उच्चारला नाही आणि मी उच्चारायला लावलाही नाही. मध्यस्थानं मागायला लावलेली माफी दोघांनाही खोटी वाटते. बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पुढच्या मुद्द्याला जायला तेवढं पुरलं.

मागणीच्या खाली काय आहे

त्याची मागणी: दिवसा यंत्र बंद. त्यांची: यंत्र बंद होणार नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये जागाच नाही. विचारायचं असं: “यंत्र बंद झालं तर तुम्हाला काय मिळेल?” सलग चार-पाच तास झोप. “बंद केलं तर तुमचं काय जाईल?” दिलेल्या तारखेला कपडे तयार झाले नाहीत तर गिऱ्हाईक जाईल. झोप आणि तारीख यांच्या मध्ये मात्र भरपूर जागा आहे.

इथं आपल्याला तोडगा दिसायला लागतो आणि तो बोलून टाकायचा मोह होतो. यंत्राखाली जाड रबराची चटई, दुसरं काय? जीभ आवरा. आपण सुचवलेली चटई उपयोगी पडली नाही तर दोष केंद्राचा, आणि बाई ती घालतील तीही मन मारून. “अजून काय काय करता येईल? आत्ता ठरवायचं नाही, नुसतं सांगा,” असं म्हणत राहा आणि जे येईल ते सगळं लिहा, अगदी वेडगळ वाटलं तरी. घर बदला, कानात बोळे घाला, यंत्र स्वयंपाकघरात न्या. यंत्र हलवण्याचं बाई वैतागून बोलल्या होत्या. तरुणानं पटकन विचारलं, “आत्ता ते कुठं आहे?” ते बरोबर त्याच्या पलंगाच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर होतं.

मोटरचा आवाज हवेतून येतो त्यापेक्षा थरथर पायांतून फरशीत उतरते आणि खालच्या छताला जाते, त्यामुळे जागा आणि पायांखालचं अस्तर बदललं की खूप फरक पडू शकतो. पण हे खोलीत बसून कुणाला पटत नाही. अशा वेळी कायमचं काही ठरवण्याआधी प्रयोग ठरवा. दोघांनी ठरवलं की रविवारी तो पलंगावर आडवा होणार, बाई तीन वेगवेगळ्या जागी यंत्र चालवणार, फोन चालू ठेवून कुठं किती ऐकू येतं ते बघायचं. आठ महिन्यांत न बोललेली दोन माणसं त्या रविवारी अर्धा तास फोनवर होती. दुसरी बैठक त्यानंतर ठेवली आणि ती पाऊण तासात आटोपली.

वेगळं बोलणं

गाडी अडली, कुणी एकदम गप्प झालं, किंवा काहीतरी लपवलं जातंय असं वाटलं, तर दोघांशी वेगवेगळं बोला. सुरुवातीच्या नियमांतच हे सांगून ठेवलेलं असावं. एकाशी बोललात तर दुसऱ्याशीही, आणि वेळ साधारण सारखाच. बाहेर थांबलेल्याला विचार करायला एखादा प्रश्न देऊन जा, नाहीतर तो भिंतीकडे बघत संशय वाढवत बसतो. वेगळ्या बैठकीत विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न: “इथं नाहीच जमलं, तर पुढं काय कराल? त्याला किती वेळ, किती पैसे लागतील, आणि त्यानंतरही शेजार तोच राहणार ना?” घाबरवायला नाही, खरंच हिशेब करू द्यायला. उठताना नक्की विचारा, “यातलं काय त्यांना सांगितलेलं चालेल?” जे चालणार नाही ते आपल्यापाशीच राहिलं पाहिजे, सहज म्हणूनही बाहेर पडता कामा नये.

कागद

हा माझा प्रांत, म्हणून जरा रेंगाळते. समझोता लिहिताना ‘शक्यतो’, ‘वाजवी’, ‘सहकार्य करतील’, ‘काळजी घेतील’ हे शब्द खोडा. ‘वाजवी वेळेत’ यावर दोन आठवड्यांत नवीन भांडण उभं राहतं. कोण, काय, कधी, कुठवर, आणि नाही जमलं तर आधी कुणाला सांगायचं: इतकं प्रत्येक कलमात हवं. एका कलमात एकाचं काम, पुढच्यात दुसऱ्याचं. एकाच्या नावावर सलग चार कलमं आली की तो कागद शिक्षेसारखा दिसतो. चूक कुणाची यावर एक अक्षर नको. शब्द जमेल तितके त्यांचेच ठेवा.

आमचा कागद साधारण असा झाला:

*यंत्र पुढच्या खोलीत खिडकीजवळ राहील आणि त्याच्या चारही पायांखाली रबराची चटई असेल. बदल येत्या शनिवारपर्यंत होईल.*

*चटईचा अर्धा खर्च खालच्या घरातून दिला जाईल. पावती दाखवल्याच्या दिवशीच.*

*सोमवार ते शनिवार सकाळी साडेनऊ ते दुपारी दीड या वेळात यंत्र चालणार नाही. या वेळात कापणी आणि हातशिलाई चालेल.*

*तातडीचं काम आल्यास बाई आदल्या संध्याकाळी सातच्या आत मेसेज करतील. असं महिन्यात जास्तीत जास्त तीनदा.*

*समितीकडचा अर्ज तो दोन दिवसांत लेखी मागे घेईल आणि त्याची प्रत बाईंना देईल.*

*पुढं काही खटकलं तर आधी एकमेकांना फोन. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर केंद्राला.*

अर्ध्या खर्चाचं त्यानं स्वतः काढलं. वेळेचं बाईंनी. मी फक्त ‘तातडीचं’ म्हणजे किती वेळा, हे विचारलं.

सही करण्याआधी एकदा मोठ्यानं वाचून दाखवा आणि प्रत्येक कलमावर वाकडे प्रश्न विचारा. पाहुणे आले तर? लग्नसराईत? त्याची पाळी बदलली तर? आपण अडचण काढतोय म्हणून ते वैतागतील, वैतागू द्या. भारतातल्यासारखा नियम जिथं आहे तिथं या कागदामागे हुकूमनाम्याचं बळ नाही. जो कागद कुणी बजावणार नाही तो लोक पाळतात तेव्हा एवढ्याचसाठी, की त्यातलं प्रत्येक वाक्य त्यांना आधीच जमण्यासारखं वाटलेलं असतं. कुणी “ठीक आहे, टाका सही, मिटवा एकदाचं” म्हणायला लागलं तर सही घेऊ नका. दोन दिवसांनी बोलवा.

जमलं नाही तर

नाही जमत पुष्कळदा. काय जमलं नाही यावर भाषण न करता दोघांचे आभार माना, पुढचे मार्ग सांगा, दार उघडं आहे म्हणून सांगा. कोण अडून बसलं ते कुठंच लिहायचं नाही, कुणी विचारलं तरी सांगायचं नाही. काही वेळा महिन्याभरानं दोघं जिन्यातच मिटवतात आणि आपल्याला कळतही नाही.

बैठकीनंतर

दोघांना पाच-दहा मिनिटांच्या अंतरानं जाऊ द्या. सहमध्यस्थाबरोबर बसून कुठं काय चुकलं ते त्याच दिवशी बोलून घ्या. मग टिपणं फाडा, स्वतःची आणि टेबलावर राहिलेली त्यांचीही. शब्द जपून ठेवण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या बाईला हे सुरुवातीला जड गेलं, पण टिपण असलं की ते कुणीतरी मागतं.

सहा आठवड्यांनी दोघांना वेगवेगळा फोन करा. “सगळं ठीक ना?” असं विचारू नका, “हो” म्हणून ठेवून देतील. कागद समोर घेऊन कलमवार विचारा: यंत्र खिडकीजवळच आहे का, या महिन्यात किती मेसेज आले, अर्जाची प्रत मिळाली का. एखादं कलम ढिलं पडलं असेल तर छोटी बैठक सुचवा. रजिस्टरमध्ये तारीख, वादाचा प्रकार एका शब्दात, किती बैठका, समझोता झाला की नाही आणि सहा आठवड्यांनंतरची स्थिती, एवढंच लिहा. नावं, कारणं आणि आपलं मत यांना त्यात रकाना नाही.